पुढचा एक इंच

३ फेब्रुवारी

चिंगे,

दहा महिन्यांनी लिहितोय. कशी आहेस, हे विचारत नाही. तू सांगणार नाहीस आणि मलाही ते ऐकायची फारशी हौस नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद उचलावाच लागतो, निदान फेकून द्यायला तरी.

तुझा अहवाल काल परत वाचला. चार पानं. साहेबांच्या टेबलावर त्याची एक प्रत असते आणि तिच्यावर चहाचा कप असतो. आमच्या रुग्णालयाच्या नऊ रुग्णवाहिका धुराच्या तपासणीत नापास झाल्या, त्यांचे कन्व्हर्टर उतरवून तुमच्या प्रयोगशाळेत पाठवले. नव्या ड्रायव्हरांना मी सांगतो, की हा सायलेन्सरचा शिकलेला भाऊ. इंजिनाचा विषारी धूर ह्याच्या पोटातून जातो आणि जरा शहाणा होऊन बाहेर पडतो. तर असे नऊ शिकलेले भाऊ तू काकडीसारखे चकत्या करून कापलेस, एकेक चकती मशिनखाली धरलीस आणि लिहिलंस, की आतलं प्लॅटिनम जागच्या जागी आहे, पण पुढच्या एका इंचावर फॉस्फरस आणि जस्ताचा दाट थर बसलाय, त्यामुळे ते निकामी झालंय. हा थर इंजिन ऑइलमधून आलेला आहे. इथपर्यंत ठीक. तुझं काम तू केलंस.

पण शेवटच्या पानावर एक वाक्य आहे. 'एवढा फॉस्फरस नेमका कुठून आला, हे निश्चित करता आलेलं नाही.'

बाई गं, निश्चित करता आलं नाही तर गप्प बसायचं. आपल्याकडे अर्धं वाक्य दिसलं की उरलेलं अर्धं लिहायला माणसं पेन घेऊन तयारच असतात. चौकशी समितीने तेच केलं. स्टोअरमधलं आत्ताचं तेल तपासलं, ते निघालं स्वच्छ. म्हणजे आधीचे ड्रम भेसळीचे असणार. मग ते ताब्यात घेतले कोणी? स्टोअरची किल्ली कोणाकडे? कुलूपमामांकडे. झालं. मामांना तुझ्या अहवालानंतर आठव्या दिवशी निलंबित केलं.

तू त्यांना पाहिलंयस. पाच वर्षांपूर्वी आली होतीस तेव्हा त्यांनीच तुला बसायला स्टूल आणून दिलं होतं. एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं त्यांनी, साधा नट कोणाला फुकट दिला नाही, म्हणून सगळे त्यांना कुलूपमामा म्हणतात. वीस मार्चला शेवटची सुनावणी आहे. त्यात बडतर्फ झाले तर नोकरी जाईलच, पण स्टोअरच्या मागची खोलीही जाईल. मामीचे दोन्ही गुडघे गेलेत, तिला जिना चढता येत नाही. तळमजल्यावरची ती खोली सोडून ती जाणार कुठे?

म्हणून एकच काम सांगतो. तू पुरवणी म्हणून एक ओळ लिहून पाठव. 'हा फॉस्फरस पेट्रोलमधूनही आलेला असू शकतो.' असू शकतो एवढंच. तुमच्या शास्त्रात 'असू शकतो' चालतं ना? मामा सुटतील. पेट्रोलवाल्याचं कोणी वाकडं करू शकत नाही, तेव्हा त्याची काळजी करू नकोस.

ही विनंती मी माझ्यासाठी करत नाहीये, हे लक्षात घे.

दादा


१९ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या पाकिटात चार शब्द. 'पेट्रोलमध्ये जस्त नसतं, दादा.' त्यातला एक शब्द 'दादा' आहे, तेव्हा खरं तर तीनच.

नसतं तर नसतं. मग उष्णतेचं लिही. इंजिन मिसफायर झालं की कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, त्यातला जाळीदार ठोकळा आतून वितळतो, हे मला तुझ्या पुस्तकांशिवाय ठाऊक आहे. असे दोन मी स्वतःच्या हातांनी काढलेत, आतून मेणासारखे ओघळलेले. आता तू म्हणणार, 'दादा, उष्णतेने मेलेला ठोकळा वेगळा दिसतो. हा पुढून मेलाय, मागे जावं तसा जिवंत होत जातो, म्हणजे विषच.' बघ, तुझं बोलणं मी तुझ्याशिवाय बोलू शकतो. लहानपणापासून ऐकतोय. तुझं बरोबर असतं आणि मग घरात कोणाला जेवण जात नाही.

वहिनी म्हणते, भांडू नकोस, नीट लिही. नीट लिहितो.

परवा सात नंबरच्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून उभा होतो, तर नवा ड्रायव्हर हसायला लागला. त्याला वाटलं मी इंजिनाशी फोनवर बोलतोय. अण्णांनी मला हे शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू बॅटरी धरून बाजूला उभी असायचीस. धरायचीस आणि मध्येच झोपायचीस. अण्णा डोळे मिटून सांगायचे, तिसरा टॅपेट, किंवा दुसऱ्या सिलिंडरची रिंग. खोलल्यावर तेच निघायचं. गिऱ्हाइकं त्यांना डॉक्टर म्हणायची.

तो कान मला मिळाला. तुला बाकीचं सगळं मिळालं. शाळा, कॉलेज, दुसऱ्या गावी खोली, पांढरा कोट. मला पंधराव्या वर्षी पाना मिळाला. मी तक्रार करत नाही. फक्त सांगतोय, की ह्या वर्कशॉपमध्ये मी फोरमन झालो तो त्या कानावर. माझ्या गाड्या वाजत नाहीत. रुग्णालयातल्या नर्सबाई म्हणतात, फोरमनच्या हाताखालची गाडी दारात आली तरी कळत नाही. आत पेशंट असतो गं. त्याला खडखड नको असते.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतंय. अण्णांचं औषध, आवाज थांबवायला ते इंजिन ऑइलमध्ये ओतायचे ते. नाही, ते मी इथे वापरत नाही. डबा माझ्या लॉकरमध्ये आहे तो अण्णांची आठवण म्हणून. माणूस वडिलांचा चष्मा ठेवतो, मी डबा ठेवलाय. ह्यावर आता पुन्हा बोलायचं नाही.

उष्णतेचं तेवढं बघ. एक महिना उरलाय.

दादा


२ मार्च

चिंगे,

ह्यावेळी तू काहीच लिहिलं नाहीस. मागचे चार शब्द बरे होते म्हणायचे.

काल मामांकडे गेलो होतो. निलंबन झाल्यापासून पहिल्यांदाच. रोज त्यांच्या खोलीवरून जातो, पण आत गेलो नव्हतो. काम असतं, वेळ नसतो, ही कारणं तुला पाठ असतील, तूही तीच देतेस. खोली तशीच आहे. खिडकीतून गाड्या धुवायचा उतार दिसतो. खुंटीला त्यांचा खाकी शर्ट, इस्त्री केलेला. निलंबित माणसाने शर्टाला इस्त्री कशाला करायची, हे मी मामीला विचारलं नाही, तिनेच सांगितलं. म्हणाली, दर सोमवारी करतात, मी बोलायचं सोडून दिलंय.

मामांनी चहा स्वतः केला. मामी खुर्चीतून उठली नाही, उठता येत नाही. मी म्हटलं, मामा, सगळं ठीक होईल, समितीला पुरावा कुठे मिळालाय. ते हो म्हणाले. म्हटलं, माझी बहीणच त्या प्रयोगशाळेत आहे, तिला मी लिहिलंय. ते पुन्हा हो म्हणाले. मग दोघं खिडकीतून बघत बसलो. बाहेर नऊ नंबरची गाडी धुवायला लावली होती, इंजिन चालू होतं.

मामा म्हणाले, "नऊ नंबर आताशा फार वाजते, नाही?"

मी म्हटलं, तेल पातळ आलंय, त्यामुळे असेल. आणि मग मला आठवलं, की तेलाचा ड्रम कोणाच्या अंगावर शेकलाय आणि मी कोणासमोर बसून तेलाला नावं ठेवतोय. चहा घशात अडकला.  मामांनी माझ्या पाठीवर हलकेच थापटलं, खोकला थांबेपर्यंत.

घरी आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. वहिनीवर विनाकारण खेकसलो. तिनेही ऐकून घेतलं नाही, ते एक बरं झालं.

तर ऐक. दोन-तीन गाड्यांमध्ये, एखाद्या वेळी, आवाज फारच झाला तेव्हा, मी औषध घातलं असेल. थोडंसं. झाकणभर. झाकणभर औषधाने नऊ ठोकळे मरतात का? तूच सांग, तू मोजतेस. माझ्या मते मरत नाहीत. गाड्यांच्या रिंगा झिजलेल्या, त्या तेल खातात, तेल जळून मागे जातं. पाच वर्षांत कोणाचाही ठोकळा भरेल. हे माझं प्रामाणिक मत आहे आणि तू ते समितीला तुझं म्हणून कळवू शकतेस.

मामांसाठी म्हणतोय. त्या शर्टासाठी म्हण हवं तर.

दादा


१३ मार्च

चिंगे,

तुझं पत्र आलं. ह्यावेळी पूर्ण पान. तीनदा वाचलं. पहिल्यांदा तळपायाची आग मस्तकात गेली, दुसऱ्यांदा लाज वाटली, तिसऱ्यांदा नुसतंच वाचलं.

तू लिहिलंयस, की झाकणभराने नऊ ठोकळे मरत नाहीत, म्हणून झाकणभर नव्हतंच. थरातला फॉस्फरस मोजून तू हिशेब मांडलास, की प्रत्येक गाडीत, प्रत्येक वेळी तेल बदलताना, किती पडलं असेल. अर्धा पेला. चार वर्षं. मी बसून आठवत होतो, खरंच अर्धा पेला का? स्टीलचा पेला, काठाला चेपलेला, अण्णांचाच. हो. अर्धाच. दुरून मोजून एवढं बरोबर सांगतेस, तुझ्या हातात जादू आहे. नवऱ्याने तुझ्यापासून काही लपवून ठेवायचं धाडस करू नये.

सगळ्या नऊ गाड्या. प्रत्येक वेळी. आता लिहिलं एकदाचं.

तू पाच वर्षांपूर्वी आलीस तेव्हा हात पुसायला फडकं शोधताना लॉकरमध्ये डबा पाहिलास. मी सांगितलं, घालतो म्हणून. तेव्हा लपवत नव्हतो; उलट फुशारकी मारत होतो. आणि तू त्याच स्टुलावर बसून मला समजावलंस. अण्णांचं औषध म्हणजे दुसरं काही नाही, जस्त आणि फॉस्फरस. झिजणाऱ्या धातूवर साय धरते तसं ते बसतं, म्हणून आवाज थांबतो. अण्णांच्या गाड्यांना मागे कन्व्हर्टर नव्हता, तेव्हा जळलेलं औषध हवेत जायचं आणि कोणाच्या लक्षात यायचं नाही. आता ते ठोकळ्यात जाऊन बसतं. तू म्हणालीस, पेट्रोलमधलं गंधक हा चहाला आलेला पाहुणा आहे, ठोकळा चांगला तापवला की उठून जातो. फॉस्फरस अंथरूण घेऊन येतो. मारामारी करत नाही, काही तोडत नाही, फक्त जागा अडवून बसतो, आणि ज्याची जागा आहे तो दारात उभा राहतो.

मी हसलो. म्हटलं, तुझ्या सासरच्यांसारखा. तूही हसलीस. मग मी म्हटलं, अण्णांनी चाळीस वर्षं घातलं, त्यांना कळत नव्हतं का? तेव्हा तू हसायची थांबलीस. म्हणालीस, अण्णांना त्यांच्या इंजिनांचं कळत होतं, ही इंजिनं त्यांची नाहीत. तेवढ्यावरून मी तुला नीट निरोपसुद्धा दिला नाही. आणि तू गेल्यावर मी मुद्दाम नऊच्या नऊ गाड्यांमध्ये घालायला लागलो. त्याआधी खरंच दोन-तीन गाड्यांतच घालत होतो. हे तुझ्या मशिनला दिसलं नसेल. तुझं ऐकायचं नाही एवढ्यासाठी घातलं. पन्नाशीला आलेला माणूस, आणि धाकटी बहीण शहाणी ठरू नये म्हणून नऊ गाड्यांना विष पाजतो. हे समितीपुढे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पोटावर पाय येईल म्हणून गप्प राहिलो, असं तुला वाटत असेल. तसं असतं तर बरं झालं असतं, त्या भीतीला चारचौघांत मान असतो. मला भीती ही वाटत होती, की लोक म्हणतील, ह्याला कान होता, पण कळत काही नव्हतं. आणि पाठोपाठ म्हणतील, बापालाही नव्हतं.

आता तुझं. हे लिहिल्याशिवाय मी कागद संपवणार नाही.

कन्व्हर्टर तुमच्याकडेच पाठवा, हे साहेबांना मी सुचवलं होतं. माझी बहीण आहे तिथे, काम नीट होईल, असं म्हणालो. मनात हे होतं, की तू सांभाळून घेशील. आणि तू घेतलंस. तुला पहिल्या चकतीलाच कळलं होतं. त्या डब्याच्या वासात वाढलेली मुलगी तू, तुला 'निश्चित करता आलेलं नाही'? तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस, आणि अहवाल गेला त्या दिवशी फोन करून म्हणालीस, "दादा, मी लिहिलं नाही, आता तू जाऊन सांग." मी विचारलं, काय सांगू? तू फोन ठेवलास. त्यानंतर दहा महिने तोंड फिरवलंस.

मला वाचवलंस आणि वर मलाच वाळीत टाकलंस. एक काहीतरी करायचं होतंस. नाव लिहिलं असतंस तर मी तुला चार शिव्या घातल्या असत्या, दोन वर्षं बोललो नसतो, पण मामा आज स्टोअरमध्ये असते. माझ्यावर रागावून तू स्वच्छ राहिलीस असं समजतेस का? त्या वाक्याखाली तुझीही सही आहे.

तू लिहितेस, की वीस तारखेला मी गेलो नाही तर तू येशील आणि सगळं सांगशील, मग तुझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. येऊ नकोस. हे उपकार म्हणून नाही. आणखी एकदा तुझ्या आड उभं राहायचं नाही मला. मी जातो. डबा घेऊन जातो.

दादा


२१ मार्च

चिंगे,

काल गेलो होतो.

सुनावणी अकराला होती. मी साडेदहालाच जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलो, मांडीवर डबा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. येणारे-जाणारे विचारत होते, फोरमन, जेवण आणलंय का. मामा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या शेजारी बसले. डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "घरी घेऊन जा तो." मला वाटलं, त्यांना काय आहे ते कळलं नसावं.

आत तिघं होते. आमचे साहेब मधे. मामांना बसायला सांगितलं, मला विचारलं, तुमचं काय काम. मी वर्तमानपत्र सोडलं, डबा टेबलावर ठेवला आणि सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. अर्धा पेला, चार वर्षं, नऊ गाड्या. मामांच्या तेलात काही नव्हतं, जे घातलं ते मी घातलं. इतकं सरळ मी आयुष्यात कधी बोललो नसेन. 

साहेबांनी डबा आधी कागदांवरून बाजूला सरकवला, डाग पडतात म्हणून. मग तुझा अहवाल काढला, शेवटचं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. म्हणाले, फोरमन, एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेला जे निश्चित करता आलं नाही, ते तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, घालणारा मीच होतो, म्हणून कळलं. ते हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमाने हसले. म्हणाले, जुन्या सहकाऱ्यासाठी अंगावर घेताय हे दिसतंय आम्हाला, असा जिव्हाळा आता राहिला नाही कुठे. डावीकडच्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, डब्यातलं तपासा. तर उजवीकडचे म्हणाले, तपासून काय होणार, तुमच्या लॉकरमधला डबा तुमच्या लॉकरमध्येच होता, गाडीत गेल्याचं कोणी पाहिलंय?

मग साहेबांनी फाइल माझ्याकडे फिरवली. मामांची सही होती. अठरा तारखेची. 'माझ्या निष्काळजीपणामुळे भेसळीचं तेल ताब्यात घेतलं गेलं, हे मला मान्य आहे.' त्याच्या बदल्यात बडतर्फी नाही, सक्तीची निवृत्ती. आणि पत्नीच्या आजारपणामुळे, ती आहे तोपर्यंत खोली. प्रकरण तेव्हाच मिटलं होतं. कालची सुनावणी नुसती वाचून दाखवण्यापुरती.

साहेबांनी मामांना विचारलं, फोरमन म्हणतायत त्यात काही तथ्य आहे का.

मामा उभे राहिले. म्हणाले, "नाही साहेब. मी ह्यांना कधी काही घालताना पाहिलं नाही. मनाने मोठे आहेत, म्हणून बोलतायत."

मी काय करायला हवं होतं ते तू सांगशील. तू तिथे नव्हतीस. मी ओरडलो, मामा खोटं बोलतायत म्हणून. तेव्हा उजवीकडचे म्हणाले, त्यांचं खोटं असेल तर सहीचा जबाबही खोटा, मग तो रद्द करून बडतर्फीचं पुन्हा उघडायचं का? विचार करून बोला. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी डबा उचलला.

साहेब दारापर्यंत आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, नवे कन्व्हर्टर सोमवारी येतायत, तुम्हीच बसवा, तुमच्यासारखा कान इथे दुसऱ्या कोणाला नाही.

बाहेर व्हरांड्यात मामा बाकावर बसले होते, शर्टाचं वरचं बटण काढून. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"स्टोअरची खिडकी तुझ्या लॉकरसमोर आहे," ते म्हणाले. "चार वर्षं बघत होतो मी तो पेला. माझ्या तेलात काय पडतं ते मला नाही कळणार? समितीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. म्हटलं, फोरमन स्वतः सांगेल, त्याच्या तोंडून गेलेलं बरं. दहा महिने थांबलो. रोज वाटायचं, आज बोलेल. मग तू घरी आलास. मला वाटलं, आला. पेला बंद झाल्यापासून नऊ नंबर वाजते, तेच मी तुला विचारलं, तुला सोपं जावं म्हणून. तू म्हणालास, तेल पातळ आलंय."

मी म्हटलं, मामा, मी आता पुन्हा आत जातो, लेखी देतो.

"नको. आता तुझं खरं माझ्या काही कामाचं नाही. ते बाहेर आलं तर मी खोटी सही करणारा ठरतो आणि खोली जाते. तुला बरं वाटावं म्हणून हिला जिना चढायला लावू का?"

ते उठले. मी धरायला गेलो, पण त्यांना गरज नव्हती. चार पावलं जाऊन ते थांबले. मला वाटलं, आता काहीतरी माफ केल्यासारखं बोलतील. जुनी माणसं शेवटी बोलतात तसं.

"तुझ्या बहिणीलाही कळव," ते म्हणाले. "तुमच्या घरातला डबा तुमच्या घरच्या मुलीला ओळखू आला नाही, असं मला कोणी सांगू नये. ती आली होती तेव्हा मी तिला स्टूल दिलं होतं. आता कधी ह्या बाजूला आली, तर माझ्या दारात येऊ नको म्हणावं."

कळवलं.

दादा